केरिस कशी पारखावी: जावाच्या कट्यारीचं लोखंड, घडण, पामोर आणि किंमत

जावातल्या जुन्या बाजारात केरिस हातात येण्याआधी तिची गोष्ट कानावर येते. ही मजापहित या जावाच्या जुन्या साम्राज्याच्या काळातली, ही अमुक राजघराण्यातून निघालेली, हिच्यात आकाशातून पडलेलं लोखंड आहे. पारखणाऱ्यानं हा क्रम उलटा करावा: आधी लोखंड, मग घडण, मग पामोर (पात्यावरची नक्षी), मग दुरुस्त्या, त्यानंतर वय, मग म्यान-मूठ आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. कारण साधं आहे. गोष्ट फुकट बनवता येते आणि म्यान अर्ध्या तासात बदलता येतं. चांगलं घडवलेलं पातं मात्र नव्यानं घडवल्याशिवाय मिळत नाही.

केरिस जावाची, पण बाली, मदुरा, सुलावेसीचे बुगिस, सुमात्रा आणि मलय द्वीपकल्प या सगळीकडे तिचे आपापले घाट आहेत. वर्ष कोरलेली सर्वांत जुनी केरिस ‘क्नाउडची केरिस’ म्हणून ओळखली जाते. तिच्यावर शके १२६४, म्हणजे इ. स. १३४२ हे वर्ष आहे. २००५ साली युनेस्कोनं इंडोनेशियाच्या केरिसला अमूर्त वारशाचा मान दिला. इथं मुख्यतः जावाची केरिस धरली आहे, कारण बाजारात तीच सर्वांत जास्त येते.

आधी भागांची नावं

विक्रेता याच शब्दांत बोलतो, म्हणून ती ठाऊक हवीत. पात्याला ‘बिलाह’ म्हणतात. पात्याच्या बुडाशी जो आडवा, एका बाजूला लांब निमुळता तुकडा असतो तो ‘गोंजो’. तो बहुधा वेगळा घडवून पात्यावर बसवलेला असतो. मुठीत शिरणारी गोल शेपटी म्हणजे ‘पेसी’. मूठ आणि पातं यांच्यामधलं कडं ‘मेन्डाक’. म्यानाचा वरचा, होडीसारखा रुंद लाकडी भाग ‘वरांग्का’, खालची नळी ‘गांदार’ आणि तिच्यावर चढवलेली धातूची खोळ ‘पेन्डोक’. पात्याच्या एकूण घाटाला ‘दापुर’ म्हणतात, त्यावरच्या पांढुरक्या नक्षीला ‘पामोर’ आणि घडवणाऱ्या लोहाराला ‘एम्पू’.

हातात घेण्याची रीत

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान विजेरी, सेंटिमीटरची पट्टी, छोटं लोहचुंबक आणि धुतलेलं सुती फडकं असावं. दिवसा जा आणि खिडकीशी बसा. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक पामोर देखणा दिसतो.

केरिस दोन्ही हातांनी घ्यावी. जावात ती घराण्याची वस्तू मानतात आणि पुष्कळ जण बाहेर काढण्यापूर्वी कपाळाला लावतात. डाव्या हातात म्यान धरून अंगठ्यानं वरांग्काच्या तोंडाशी हलका रेटा द्या, पातं सैल झालं की सावकाश सरळ ओढा. हिसका दिला तर गोंजो अडकून वरांग्काचं पातळ लाकूड चिरतं, आणि ती चीर तुमच्या नावावर लागते. पात्याला बोट लावू नका. घामानं गंज धरतो हे एक. दुसरं म्हणजे जवळजवळ प्रत्येक जावाई पात्यावर सोमलाची (आर्सेनिक या विषाची) प्रक्रिया झालेली असते. पाहून झालं की हात साबणानं धुवा, त्याआधी चहाचा कप उचलू नका.

लोखंड

चांगलं पातं तीन पदरांचं असतं: मधे पोलादाचा पत्रा (‘स्लोरोक’) आणि त्याच्या दोन्ही अंगांना लोखंड व पामोर यांचे एकजीव केलेले थर. धारेकडून भिंगानं पाहा. टोकापासून बुडापर्यंत मधल्या पोलादाची एक सलग करडी रेघ दिसायला हवी. ती मधेच एका बाजूला सरकून नाहीशी झाली असेल, तर घडवताना पातं एकाच अंगानं जास्त कानसलं गेलं आहे किंवा पुढे कुणीतरी घासून घासून त्याचा घाट बदलला आहे. रेघच नसेल तर पोलादच नाही, आणि ती वस्तू पर्यटकांसाठी केलेली असण्याची शक्यता मोठी.

मग पृष्ठभाग पाहा. कसून ठोकलेलं लोखंड घट्ट, बारीक पोताचं दिसतं, ओल्या काळ्या पाटीसारखं. कमी ठोकलेल्यात भेगांसारख्या बारीक फटी आणि राख अडकल्याचे ठिपके असतात. सोमलाच्या प्रक्रियेनंतर चांगलं लोखंड निळसर किंवा गडद काळं होतं. तपकिरी, मळकट छटा असेल तर प्रक्रिया जुनी झाली आहे किंवा लोखंड हलकं आहे, आणि यांतलं कोणतं ते नुसत्या रंगावरून ठरवू नये.

मूठ काढून दिली तर शेपटी दोन बोटांत धरून पात्याला नखानं टिचकी मारा. सांधे पक्के असतील तर स्वच्छ, थोडा लांबणारा नाद येतो. भद्द किंवा चरचरता आवाज आला, तर आत कुठेतरी थर सुटले आहेत. जावातले जाणकार हे नेमानं करतात. फक्त गोंजो सैल असेल तरीही आवाज बिघडतो, म्हणून आधी गोंजो हलतो का ते पाहून घ्या.

घडण: इथं जास्त वेळ द्या

वळणदार पात्याच्या प्रत्येक वळणाला ‘लुक’ म्हणतात. बुडापासून टोकाकडे जाताना दोन्ही बाजूंचे फुगवटे आलटून-पालटून मोजा. संख्या विषमच यायला हवी: ३, ५, ७, ९, ११, १३. तेरापेक्षा जास्त असली तर ती वेगळ्या, ‘कालाविजा’ वर्गात जाते. सम संख्या आली तर बहुधा बुडाजवळचं पहिलं उथळ वळण सुटलेलं असतं. पुन्हा मोजूनही सम येत असेल, तर टोक तुटल्यावर पातं आखूड करून घासलं आहे. सरळ पात्याची केरिसही तितकीच अस्सल. वळणं जास्त म्हणून किंमत जास्त हा समज बाजारानं पसरवलेला आहे.

वळणांचा दर्जा त्यांच्या उतरत्या लयीत असतो. टोकाकडे जाताना प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा थोडं लहान आणि उथळ व्हावं. पातं डोळ्याच्या रेषेत धरून टोकाकडून बुडाकडे पाहा. मधली शिर सगळ्या वळणांतून सापासारखी न अडखळता गेली पाहिजे. एखादं वळण मधेच लांबलेलं किंवा चपटं दिसलं, तर घण सरळ पडला नाही किंवा मूळच्या सरळ पात्याला नंतर कानशीनं वळणं दिली आहेत. दुसऱ्या प्रकारात वळणाच्या आतल्या बाजूला पामोरच्या रेघा कापल्यासारख्या तुटतात, वळणाबरोबर वळत नाहीत. ही खूण पक्की आहे.

पातं गोंजोवर काटकोनात उभं नसतं. ते किंचित पुढे झुकलेलं असतं, वाकून नमस्कार करणाऱ्या माणसासारखं. या झुकावाला ‘चोंदोंग लेलेह’ म्हणतात. अगदी ताठ उभं पातं जावातल्या डोळ्याला लाकडी वाटतं, आणि चार चांगल्या केरिस पाहिल्या की तुमच्याही डोळ्याला वाटू लागेल.

आता बुडाकडचा नक्षीचा भाग. पुढच्या जाड उताराला ‘गंदिक’ म्हणतात. काही घाटांत त्यावर हत्तीच्या सोंडेसारखी गुंडाळी असते, ती ‘केम्बांग काचांग’. तिच्याखालचा लहानसा उंचवटा ‘लाम्बे गजाह’, शब्दशः हत्तीचा ओठ. हा गजाह म्हणजे आपला गजच. मागे अंगठा टेकल्यासारखा खळगा असतो तो ‘पेजेतान’, तिथून वर जाणाऱ्या दोन खोल पन्हळी ‘सोगोकान’, आणि गोंजोच्या मागच्या शेपटीवर करवतीच्या दात्यांसारखं काम असतं ते ‘ग्रेनेंग’.

यांपैकी काय हवं हे दापुरवर ठरतं. ‘ब्रोजोल’ घाटाच्या सरळ पात्यात गंदिक आणि पेजेतान एवढंच असतं, तिथं सोगोकान नाही म्हणून नाक मुरडू नका. १३ लुकच्या ‘सेंगकेलात’मध्ये मात्र सोंड, सोगोकान, ग्रेनेंग सगळं असायला हवं. विक्रेत्यानं दापुरचं नाव सांगितलं की त्या नावाला लागणारे भाग एकेक करून पात्यावर शोधा. दोन-तीन जुळले नाहीत तर एक तर नाव चुकलं आहे किंवा भाग झिजले आहेत.

हात किती बसलेला होता हे तीन जागी कळतं. सोगोकानच्या दोन पन्हळी सारख्या खोलीच्या आहेत का आणि त्यांच्यामधली शिर सुरीसारखी सरळ आहे का. सोंडेच्या आतली पोकळी स्वच्छ गोल कोरली आहे की नुसतं भोक पाडून सोडून दिलं आहे. ग्रेनेंगचे दाते स्पष्ट, वेगवेगळे आहेत का. पात्याच्या दोन्ही बाजू उलटून-पालटून पाहा. कच्च्या कारागिराची पहिली बाजू चांगली असते, दुसरी घाईत उरकलेली असते.

गोंजोची बैठक सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी परीक्षा आहे. पात्यामागे विजेरी धरा. गोंजो आणि पातं यांच्या सांध्यातून उजेडाची रेघ येता कामा नये. पामोरही पात्यावरून गोंजोवर ओळखीचा वाटावा. अगदी काळा, बिनपामोरचा गोंजो मुद्दामही घालतात, त्याला ‘गोंजो वुलुंग’ म्हणतात. पण बदललेला गोंजोही ‘वुलुंग’ म्हणून विकला जातो. लोखंडाचं पोत दोन्हीकडे सारखं आहे का, यावर निर्णय घ्या. पात्यातूनच सलग काढलेला ‘गोंजो इरास’ही असतो. स्वस्त नकलेत गोंजोच्या जागी नुसती चर कोरलेली असते. इरासमध्ये पामोरच्या रेघा बुडातून थेट पुढे वाहतात, नकलेत वाहायला रेघाच नसतात.

पामोर

लोखंड आणि निकेलयुक्त धातू एकावर एक ठेवून भट्टीत तापवतात, घणानं एकजीव करतात, मग दुमडून पुन्हा ठोकतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात: सहा घड्यांत ६४, सात घड्यांत १२८. पुढे लिंबाचा रस आणि सोमलयुक्त खनिज (आपण हरताळ, मनशीळ म्हणतो त्या जातीचं) लावलं की लोखंड काळं पडतं आणि निकेलचे थर रुपेरी राहतात.

थर पात्याच्या सपाटीशी समांतर असतील तर पामोर ‘म्लुमाह’, उभे बसवले असतील तर ‘मिरिंग’. मिरिंग घडवायला अवघड आणि मेहनतीचा. ठोकताना थर सुटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून इतर सगळं सारखं असताना त्याची किंमत जास्त. ‘बेरास वुताह’ म्हणजे सांडलेले तांदूळ, हा म्लुमाहमधला सर्वांत नेहमीचा. ‘उदान मास’ म्हणजे सोन्याचा पाऊस, एकात एक वर्तुळं. ‘कुलित समांग्का’ कलिंगडाची साल. ‘आदेग’मध्ये बुडापासून टोकापर्यंत उभ्या रेघा, आणि ‘ब्लाराक सिनेरेत’ ओढत नेलेल्या नारळाच्या झावळीसारखा, हे दोन मिरिंगमध्ये येतात. कोकणातल्या वाचकाला शेवटचा एका नजरेत ओळखता येईल.

अस्सल पामोर थरांतून येतो, म्हणून तो खोलीत जातो. प्लायवूडचा काठ तिरका तासला की थर कसे दिसतात ते आठवा. पेजेतानच्या खळग्यात आणि सोगोकानच्या भिंतींवर रेघा नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या जवळ येतात, फाकतात, वळतात. आम्लानं वरवर कोरलेला खोटा पामोर खळग्यातही तसाच सपाट चालत राहतो आणि धारेपाशी अचानक थांबतो. भिंगाखाली त्याच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. लोहचुंबक इथं निरुपयोगी आहे, शुद्ध निकेललाही ते चिकटतं.

पांढरा शुभ्र, चकचकीत, डोळ्यात भरणारा पामोर बहुधा आधुनिक निकेलच्या पत्र्याचा असतो. हा दोष नाही, फक्त तो पात्याचं वय सांगतो. जुना पामोर मऊ, राखाडी-रुपेरी असतो आणि त्याच्या कडा लोखंडात विरघळल्यासारख्या दिसतात.

उल्केच्या लोखंडाबद्दल स्पष्ट बोलू. अठराव्या शतकात प्राम्बानानजवळ मिळालेल्या उल्केचा मोठा तुकडा सुराकार्ताच्या राजवाड्यात नेला गेला आणि त्यातून राजवाड्यासाठी केरिस घडल्या. म्हणून ‘उल्का’ हा शब्द प्रत्येक दुकानात ऐकू येतो. डोळ्यांनी उल्केचं लोखंड ओळखता येत नाही. यंत्रावर तपासून निकेल सापडलं तरी त्यावरून फक्त निकेल सिद्ध होतं. सुलावेसीतल्या लुवूचं निकेलयुक्त लोखंडही पामोरसाठी जावात जात असे. राजवाड्यापर्यंत पोचणारी लेखी नोंद नसेल तर उल्केसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

दुरुस्त्या, झीज आणि फसवणूक

झीज वाईट नाही, ती कुठे झाली आहे ते महत्त्वाचं. शेकडो वर्षं लिंबू-सोमलाची आंघोळ (‘जामासान’) घातलेलं पातं धारेला आणि टोकाला जास्त झिजतं, बुडाला कमी. धार बारीक कुरतडल्यासारखी होते. उलट, नवं पातं आम्लात बुडवून जुनं केलेलं असेल तर खड्डे सगळीकडे सारखे असतात. सोगोकानच्या तळाशीही तेवढेच आणि शेपटीवरही, जिथं मुठीच्या आत आम्ल पोचायला काही कारण नव्हतं. असं काम मदुरा आणि जावात पुष्कळ चालतं. मदुरात सुमेनेपजवळच्या आएंग तोंग-तोंग गावात अस्सल, चांगले एम्पूही मोठ्या संख्येनं आहेत. नवी केरिस नवी म्हणून घेण्यात काही गैर नाही, ती जुन्या भावात घेणं हा तोटा.

मूठ काढून शेपटी पाहिल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. जावाई मूठ कापडाच्या गुंडाळीवर घट्ट बसवलेली असते, हळू पिळत ओढली की निघते. बुगिस आणि सुमात्राकडची राळेनं चिकटवलेली असते, ती ओढू नका, मालकालाच काढू द्या. शेपटीवर जोडल्याचा फुगवटा किंवा वेगळ्या रंगाचं कडं दिसलं, तर ती तुटून डाग दिलेली आहे. पात्याच्या सौंदर्याला त्यानं बाध येत नाही, पण किमतीला येतो.

सोंड तुटलेल्या पात्याला नवी सोंड जोडतात. सांध्यावर पामोर तुटतो, आणि सोंडेचं लोखंड सोमलानंतर वेगळ्या छटेचं दिसतं. पात्यावरचं सोन्याचं उठावाचं काम (‘किनाताह’) नंतर चढवलेलंही असतं. अस्सल कामात आधी लोखंड उठावात कोरतात, मग त्यावर सोनं बसवतात. म्हणून सोनं झिजलं तिथं खाली कोरलेलीच पानं-फुलं दिसली पाहिजेत. खाली सपाट लोखंड निघालं तर तो मुलामा आहे.

भेगांनाही इथं नावं आहेत आणि त्यांच्याभोवती श्रद्धा आहेत. लोखंड आणि पोलाद धारेशी सुटलं तर ‘पेगात वोजो’, मधोमध लांबीत फाटलं तर ‘पामेंगकांग जगात’, आरपार भोक असेल तर ‘चोम्बोंग’. काहींना यांत शक्ती वाटते आणि त्यासाठी ते जास्त मोजतात. त्यांच्या श्रद्धेचा मान राखावा. पण घडणीच्या हिशेबात पेगात वोजो हा फसलेला सांधा आहे, आणि तो पुढे वाढतच जातो.

वय: तांग्गुह

‘तांग्गुह’ या शब्दाचाच अर्थ अंदाज. पाजाजारान, मजापहित, तुबान, सुलतान आगुंगचा (१६१३–१६४५) मातारम, त्याच राज्याच्या १७५५च्या फाळणीनंतरचे सुराकार्ता आणि योग्याकार्ता, मदुरा, बाली अशा शैलींत पातं बसवायचं असतं. मजापहितची म्हणून मानली जाणारी पाती सडपातळ, हलकी आणि घट्ट लोखंडाची. सुराकार्ताची मोठी, भरीव, पामोर मिरवणारी. स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९४५ नंतर घडलेली ती ‘कामार्दिकान’. बालीची पाती जावाच्या साधारण ३३–३८ सेंमीच्या पात्याहून लांब आणि वजनदार असतात.

तांग्गुह ही शैलीची ओळख आहे, जन्मदाखला नव्हे. एम्पू जुन्या शैलीत घडवत आले आहेत आणि आजही घडवतात. एकाच पात्यावर तीन जाणकार तीन मतं देतात. म्हणून दोन वेगळ्या माणसांकडून, एकमेकांना न सांगता, मत घ्या. जमलं तर आधी सोलोचं (म्हणजे सुराकार्ताचं) केरिस संग्रहालय, तिथलंच राद्या पुस्ताका आणि योग्याकार्ताचं सोनोबुडोयो पाहून डोळा तयार करा.

म्यान आणि मूठ

यांची किंमत पात्यापासून वेगळी काढा. पातं सामान्य आणि साज भारी, असं नेहमी होतं. सणासमारंभाचा टोकदार वरांग्का सोलोत ‘लाद्रांग’ आणि योग्यात ‘ब्रांग्गाह’, रोजचा गोलसर तो ‘गायामान’. सोलोच्या वरांग्कात योग्याची मूठ दिसली तर साज जमवलेला आहे. गोंजो वरांग्काच्या तोंडात फट न राहता बसला, तर म्यान याच पात्यासाठी कोरलेलं असण्याची शक्यता जास्त.

लाकडांत तिमोहोला सर्वांत मान, त्यातल्या ‘पेलेत’ नावाच्या काळ्या डागांमुळे. हे डाग रंगवून किंवा डागून नकली करतात. वरांग्काच्या आतल्या तोंडाशी पाहा: खरा डाग लाकडातून आरपार जातो, नकली वरच थांबतो. चंदनाचं म्यान आपल्या वाचकाला वासावरून ओळखल्यासारखं वाटेल, पण वासाचं तेलही लावतात, तेव्हा रेषा पाहा. पेन्डोक पितळ, तांबं, चांदी किंवा ‘सुआसा’ या सोनं-तांब्याच्या मिश्रधातूचा असतो. चुंबक चिकटलं तर खाली लोखंडी पत्रा आहे. चांदी-सुआसाचा भाव सोनारानं तपासल्यावरच धरा.

किंमत कशी बांधावी

जावात केरिस ‘विकत’ घेतली असं म्हणत नाहीत. रकमेला ‘मास कावीन’, म्हणजे लग्नात वधूला द्यायचं धन म्हणतात. शब्द आदराचा आहे, घासाघीस मात्र होते.

कागदावर तीन रकाने करा: पातं, साज, धातूची किंमत. पात्याला जावातल्या तीन कसोट्या लावा: शैली ओळखता येते का, अखंड आहे का, जुनं आहे का. बदललेला गोंजो, डागलेली शेपटी, घासलेलं टोक यांची वजावट वेगवेगळी लिहा. आमचं मत असं: अखंड, देखणी घडण असलेलं कामार्दिकान पातं खंगलेल्या ‘मजापहित’पेक्षा जास्त मोलाचं आहे. बाजार नेहमी असा चालत नाही, म्हणूनच जाणत्याला चांगली वस्तू रास्त दरात मिळते. शक्ती, स्वप्नं आणि राजघराणी यांचा रकाना रिकामा ठेवा. गेल्या शतकातला फोटो, वारसापत्र किंवा लिलावाची पावती असेल तरच तो भरा. २०२० साली नेदरलँड्सनं डचांशी लढलेल्या जावाई राजपुत्र दिपोनेगोरोची म्हणून एक केरिस परत केली, तेव्हा जुनी कागदपत्रं धुंडाळूनही तिच्या घाटाच्या नावावरून वाद झालाच. दुकानातल्या तोंडी गोष्टीला किती वजन द्यायचं ते यावरून ठरवा.

घेतल्यावर

गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर, व्हिनेगर किंवा गंज काढायचं रसायन लावू नका. एका दुपारीत निम्मी किंमत जाऊ शकते. जावात नारळपाणी, लिंबू आणि रिठ्याच्याच भावंडाचं फळ वापरून पातं पांढरं करतात, मग सोमल लावतात. हे विषारी काम घरात करू नये, तिथल्याच कसबी माणसाकडून करून घ्यावं. तुम्ही एवढंच करा: दोन-तीन महिन्यांनी सुती फडक्यानं पुसून हलक्या तेलाचा पातळ हात फिरवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत दर महिन्याला. जाड थर नको, तो म्यानात जमतो, धूळ धरतो आणि पामोर चिकट काळा करतो.

इंडोनेशियाच्या २०१०च्या वारसा कायद्यानुसार ५० वर्षांहून जुनी वस्तू सांस्कृतिक वारसा ठरू शकते, आणि तशी ठरलेली वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंताची मूठ असेल तर ती घेऊच नका, भारतात ती अडकेल. भारताच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे आणि बहुतेक केरिस त्याहून लांब असतात. म्हणून मागवण्याआधी आपल्या पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आणि सीमाशुल्क विभागात लेखी विचारा. विक्रेत्याकडून दापुर, पामोर, अंदाजे तांग्गुह, लांबी, दुरुस्त्या आणि कुठून मिळाली हे सहीनिशी लिहून घ्या. सोबत शेपटीसह उघड्या पात्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, मूठ परत बसवायच्या आधी.